चपट्या तोंडाचा ट्रक

परवा रात्री जेवताना चॅनल बदलता बदलता ट्रान्सफॉर्मर्सचा, म्हणजे गाड्यांचे रोबोट होतात त्याचा, पहिला खराखुरा (कार्टून नसलेला) पिक्चर लागला, तो २००७ चा, हिंदीत डब केलेला, आणि हायवेवरची मारामारी चालू होती म्हणून मी ताट हातात घेऊन तसाच बसून राहिलो, भाजी गार झाली. बायको म्हणाली, तुला हा पिक्चर आवडतो की नाही ते एकदाचं ठरव, लग्न झाल्यापासून ऐकतेय. तर आज तेच ठरवायला बसलोय. लांबेल, आधीच सांगतो.

सुरुवात धुळ्यापासून करावी लागेल कारण सगळं तिथलंच आहे. धुळं म्हणजे मुंबई-आग्रा हायवे आणि सुरत-नागपूर हायवे जिथं एकमेकांना कापतात ते गाव, आणि आमच्या आप्पांचं गॅरेज त्या हायवेलाच होतं. गॅरेज म्हणजे काय, पत्र्याचं शेड, समोर ऑइलनं काळी झालेली जमीन आणि कायम तीन-चार ट्रक उभे. सुरतहून कापड, नंदुरबारकडून मिरची (मिरचीचा ट्रक कामाला आला की दिवसभर सगळे शिंकत), कापसाच्या गाठी, सगळं तिथून जायचं. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट गॅरेजला. आप्पा ट्रकखाली झोपलेले असायचे, फक्त पाय दिसायचे आणि आतून आवाज यायचा, सतराचा पाना दे. अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत माझ्या डोक्यात रोबोट आणि ट्रक हे दोन वेगळे विषय नव्हतेच, ते का ते पुढं येतंच.

पहिला रोबोट मात्र दूरदर्शनवरचा. जायंट रोबोट. ही जपानी सीरियल, मूळची १९६७-६८ ची, सव्वीस भागांची, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात लागायची आणि आमच्या गल्लीत टीव्ही एकच, तोही ब्लॅक अँड व्हाईट, त्यामुळे पंचवीस पोरं एका ओट्यावर. त्यातला मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि तो अवाढव्य रोबोट उडत यायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळी पोरं मनगटाशी बोलत फिरायची. शेवटच्या भागात तो रोबोट मुलाचं न ऐकता शत्रूला धरून अवकाशात निघून जातो आणि परत येत नाही. तेव्हाच कळलं की रोबोट स्वतःचं स्वतः ठरवू शकतो, आणि ते मला फार मोठं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

मग मामा आला. मामा कल्याणला रेल्वेत, आणि दिवाळीला येताना त्यानं मुंबईच्या मनीष मार्केटमधून एक खोका आणला. आत ट्रक. लाल केबिन, मागं निळा भाग, रुपेरी ट्रेलर. आणि महत्त्वाचं म्हणजे चपट्या तोंडाचा ट्रक. ज्यांना ट्रकचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक असतो बोनेटवाला, म्हणजे इंजिन पुढं आणि ड्रायव्हर मागं, आणि एक असतो चपट्या तोंडाचा, ज्यात इंजिन केबिनच्या खालीच असतं, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे ते उबदार झाकण असतं आणि त्यावर गोधडी टाकून क्लीनर झोपतो. आप्पांकडे दोन्ही यायचे पण मला हा दुसरा आवडायचा, कारण त्याला चेहरा असतो. समोरून बघा कधी. दोन काचा म्हणजे डोळे, खाली जाळी म्हणजे तोंड.

मामानं तो ट्रक हातात घेतला आणि मागचा निळा भाग खाली करून उभा केला, ते झाले पाय. केबिनच्या दोन्ही बाजू फिरवल्या, ते हात. टपाची झडप उलटली, आतून डोकं. समोरच्या काचा तशाच राहिल्या, त्या झाल्या छाती. मग खिशातून दोन छोट्या मुठी काढल्या, त्या वेगळ्याच असतात, मनगटाच्या भोकात दाबून बसवायच्या. झाला माणूस. मोठी माय चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "हाई काय शे रे भो, ट्रक शे का मानूस शे?" मामा म्हणाला दोन्ही. त्याला ऑप्टिमस प्राइम म्हणतात हेही त्यानंच सांगितलं, आम्ही तेव्हा नुसतं प्राइम म्हणायचो.

आप्पांनी तो हातात घेतला तेव्हाचं मला अजून दिसतं. ग्रीसचे हात पुसून घेतले आधी. मग त्यांनी तो चार वेळा उघडला, चार वेळा बंद केला, एक शब्द बोलले नाहीत, आणि पाचव्यांदा गुडघ्यापाशी बोट ठेवून म्हणाले, सगळा खेळ या पिनवर आहे. ट्रकला किंगपिन असते ना, पुढचं चाक ज्यावर वळतं, तसं. ज्यानं हे काढलंय त्याला काम येतं, म्हणाले. आप्पांच्या तोंडून एवढी तारीफ मी कुणाची ऐकली नव्हती.

एक मूठ हरवली. हरवणारच, सगळ्यांचीच हरवायची असं नंतर कळलं. पांझरेच्या काठी वाळूत खेळायला नेला होता आणि येताना उजव्या हाताला नुसतं भोक. मी दोन दिवस शोधली. तिसऱ्या दिवशी आप्पांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा एक तुकडा आणला, रात्री कानशीनं घासत बसले, बोटांच्या चार रेघा पाडल्या, अंगठा पाडला, मागं दांडी काढली. बसली. घट्ट बसली. डाव्या हाताची मूठ प्लास्टिकची आणि उजव्या हाताची खऱ्या धातूची, आणि माझ्या लेखी त्या दिवसापासून तो कंपनीचा राहिलाच नाही, आमच्या गॅरेजचा झाला.

(मोठेपणी वाचलं की ही खेळणी आधी जपानमध्ये ताकारा कंपनीच्या डायाक्लोन मालिकेत निघत होती आणि त्यात रोबोट चालवायला आत छोटा माणूस बसायचा. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीनं १९८४ मध्ये ती ट्रान्सफॉर्मर्स नावानं अमेरिकेत आणली तेव्हा माणूस गेला आणि रोबोटलाच जीव आला, मार्व्हल कॉमिक्सच्या लेखकांनी नावं आणि स्वभाव लिहून दिले. म्हणजे गाडीतला ड्रायव्हर काढला आणि गाडीलाच मन दिलं. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, गाडीला मन असतंच, ड्रायव्हरला विचार.)

आता रडण्याची गोष्ट. गणपतीत गल्लीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्यानं आणायचे, तीन पिक्चर बघायचे आणि पहाटे परत द्यायचा. त्या वर्षी मामानं कॅसेट पाठवली होती, १९८६ चा ट्रान्सफॉर्मर्सचा कार्टून पिक्चर. मी माझा प्राइम मांडीवर घेऊन सगळ्यात पुढं बसलो. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं. तो आला, एकटा सगळ्यांना उडवत आला, गल्लीतली पोरं उभी राहून ओरडली, आणि मग थोड्याच वेळात तो पलंगासारख्या कशावर तरी पडलेला आणि त्याचा लाल रंग जातोय, निळा जातोय, सगळा राखाडी. पिक्चर अजून अर्ध्यावरही नव्हता. मी मागं वळून विचारलं, काय झालं, तर एक मोठा पोरगा म्हणाला मेला. मी उठून घरी आलो. अमेरिकेतली पोरंसुद्धा थेटरात अशीच रडली होती आणि आईबापांनी कंपनीकडे तक्रारी केल्या होत्या, कारण जुनी खेळणी काढून नवी विकायची म्हणून त्याला मारलं होतं, हे सगळं मला वीस वर्षांनी इंटरनेटवर कळलं. त्या रात्री आप्पा ओट्यावर बसले होते, त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, ते म्हणाले इंजिन बसलं असेल, उतरवून परत बांधता येतं. आणि खरंच, १९८७ मध्ये टीव्हीवरच्या कार्टून मालिकेत त्याला परत आणला. बांधून. आप्पांना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

तर असा मी, आणि २००७ साली कळलं की त्याचा खराखुरा पिक्चर येतोय. मायकेल बे डायरेक्टर, मागं स्पीलबर्ग. मी तेव्हा नाशकात नोकरीला होतो, नेटकॅफेत बसून ट्रेलर बघितला, तो अर्धा लोड व्हायचा आणि थांबायचा. आणि मला पहिला धक्का तिथंच बसला. नाक! ट्रकला नाक होतं. लांबडं बोनेट, पीटरबिल्ट ३७९, निळा रंग आणि त्यावर लाल ज्वाळा. मला तो अनोळखी माणूस माझ्या मित्राचं नाव सांगतोय तसं वाटलं. प्राइमचा साथीदार बम्बलबी कार्टूनमध्ये छोटी पिवळी बीटल गाडी होता, इथं कमारो ही स्पोर्ट्स कार. त्यांचा शत्रू मेगाट्रॉन पिस्तूल व्हायचा तो इथं परग्रहावरचं विमान.

पण मी अन्याय करणार नाही, कारणं होती आणि ती मला पटतात. कार्टूनमध्ये मेगाट्रॉन तीस फुटांचा राक्षस असायचा आणि दुसऱ्या क्षणी पिस्तूल होऊन त्याच्याच टोळीतल्या स्टारस्क्रीमच्या हातात जायचा, म्हणजे बाकीचं लोखंड गेलं कुठं? पिक्चरवाल्यांनी ठरवलं की असं चालणार नाही, जेवढा माल गाडीत तेवढाच रोबोटमध्ये. मेकॅनिकच्या पोराला याच्याइतकी बरोबर गोष्ट दुसरी कुठली वाटणार. म्हणून कॅसेट प्लेअर होणारा साउंडवेव्ह पहिल्या पिक्चरमध्ये घेतलाच नाही. आणि प्राइमला अठ्ठावीस फुटांचा करायचा तर चपट्या ट्रकमध्ये तेवढा मालच नाही, म्हणून मोठ्या नाकाचा ट्रक. हिशोब बरोबर आहे. पटलं. तरी दुखलं.

शनिवारी धुळ्याला आलो आणि आप्पांना म्हटलं चला. आप्पा थेटरात कधी जात नसत, त्यांना अडीच तास एका जागी बसवत नाही, पण म्हणाले, तो ट्रकच ना? चल. धुळ्यातलं थेटर, हिंदी डबिंग, पुढच्या रांगेत कॉलेजची पोरं, पंख्यांचा आवाज. आणि मग तो सीन आला, प्राइम आणि त्याचे साथीदार असे पाचही जण गल्लीत येतात, शेवटी तो ट्रक हळूहळू पुढं येतो, थांबतो, आणि एअर ब्रेकची हवा सुटते, फुस्स. आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात मारला. तो आवाज त्यांना माहीत होता, चाळीस वर्षं ऐकलेला. त्या एका सेकंदासाठी मी त्या पिक्चरचं काहीही माफ करायला तयार होतो.

मग तो उघडायला लागला. बोनेट फाटलं, चाकं वर गेली, पत्रे सरकले, हजार तुकडे फिरले, आणि उभा राहिला. मुलापुढं वाकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मीपण मारली. पण मी आप्पांकडे बघत होतो आणि ते डोळे बारीक करून पडद्यावर काहीतरी शोधत होते.

बाहेर आलो, टपरीवर चहा घेतला. मी विचारलं कसा वाटला. आप्पा म्हणाले, "गाडी झकास शे. पन तो हुभा कसा ऱ्हायना ते दिसनंच नही."

बस. माझ्या मनात जे तीन तास नुसतं खुपत होतं आणि ज्याला मी नाकाचं, ज्वाळांचं, तोंडाचं नाव देत होतो ते खरं हे होतं. उभा कसा राहिला ते दिसलं नाही. नंतर वाचलं की त्या प्राइममध्ये दहा हजार एकशे आठ तुकडे आहेत, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्टवाल्या कंपनीच्या लोकांनी एकेक बनवला, एक फ्रेम कॉम्प्युटरवर तयार व्हायला अडतीस-अडतीस तास लागायचे, ऑस्करला नामांकनही मिळालं. त्या मेहनतीपुढं मी हात जोडतो, खरंच. पण दहा हजार तुकडे एकदम फिरले की बघणाऱ्याला एकही दिसत नाही. कुठला पत्रा कुठं गेला, दरवाजा कुठं बसला, चाक पाठीला लागलं का खांद्याला. माझ्या ट्रकमध्ये जेमतेम डझनभर हालचाली होत्या आणि त्या सगळ्या माझ्या बोटांना पाठ होत्या, अंधारात लाइट गेलेली असताना गोधडीत मी तो उघडून बंद करायचो. काचा म्हणजे छाती हे आठ वर्षांच्या पोरालाही समजतं. ट्रान्सफॉर्मर या शब्दातला जीव तिथं आहे, एक वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर दुसरी होते आणि तुम्हाला कळतं की कशी. नुसती झाली आणि कळलंच नाही तर मग ती जादू आहे, आणि जादू मला नको होती, मला गॅरेज हवं होतं.

आणि माणसं फार आहेत त्यात. शाळा, गर्लफ्रेंड, सैनिक, सरकारी माणसं, ज्याच्यासाठी आलो तो सारखा बाजूला. पुढच्या भागांबद्दल लिहितच नाही, बघितले सगळे, थेटरात बघितले, पण लिहिण्यासारखं काही हाताला लागलं नाही.

एक गोष्ट मात्र उशिरा मिळाली. आवाज. धुळ्यात हिंदीत बघितलेला, त्यामुळे मला माहीतच नव्हतं की इंग्रजीत प्राइमचा आवाज तोच माणूस देतोय जो त्या गणपतीच्या रात्रीच्या कॅसेटमध्ये होता, पीटर कलन. फॅन लोकांनी मागणी लावून धरली आणि वीस वर्षांनी त्यालाच बोलावला. दोनेक वर्षांनी नाशकातल्या खोलीवर डीव्हीडी लावली आणि तो पहिलं वाक्य बोलला. लहानपणी मला त्याचे शब्द कळले नव्हते, फक्त आवाज कळला होता, आणि तो आवाज असा आहे की मोठ्या माणसानं ओरडायची गरज नसताना बोलावं तसा. कलननं मुलाखतींमध्ये सांगितलंय की हा आवाज त्यानं त्याच्या मोठ्या भावावरून घेतला, भाऊ व्हिएतनाम युद्धात लढून आलेला, आणि त्यानं ऑडिशनच्या आधी सांगितलं होतं की खरा हिरो व्हायचं तर ताकदवान असूनही मऊ राहा. मी त्याच रात्री आप्पांना फोन लावला आणि मोबाइल स्पीकरला धरला. पलीकडून आप्पा म्हणाले, "कोन बोली ऱ्हायनं?" मी म्हटलं प्राइम. थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, चांगला माणूस वाटतो.

मग आला बम्बलबी, २०१८ चा. मी अपेक्षा सोडलेली होती, लेकीचा हट्ट म्हणून गेलो. पहिल्या पाच मिनिटांत, सायबरट्रॉनवरची, म्हणजे रोबोटांच्या ग्रहावरची लढाई, आणि तिथं तो उभा. काचांची छाती. लाल, निळा, स्वच्छ पत्रे, सांधे दिसतायत. मी लेकीचा हात इतका जोरात धरला की ती म्हणाली बाबा दुखतंय. आणि बम्बलबी परत पिवळी बीटल झालेला, आणि उघडताना मला दिसत होतं, दरवाजे मागं गेले, पंखांसारखे, बोनेट छातीवर आलं, दिसत होतं! डायरेक्टर ट्रॅव्हिस नाइट. हा माणूस मूळचा बाहुल्यांच्या पिक्चरचा, स्टॉप मोशन, म्हणजे बाहुलीचं बोट हातानं एक केसभर हलवायचं, फोटो काढायचा, परत हलवायचं. ज्यानं अशी वर्षं काढलीयत त्याला पिन कुठं असते हे माहीत असणारच.

तर बायकोच्या प्रश्नाचं उत्तर. २००७ चा पिक्चर मला एअर ब्रेकच्या फुस्सपर्यंत पूर्ण आवडतो. त्याच्यापुढं तो मला चकवतो. आणि तरी लागला की बघतो, कारण शेजारच्या खुर्चीवर आप्पा असतात.

आप्पा आता शहात्तरचे झाले, गॅरेज बंद करून दहा वर्षं झाली, उन्हाळ्यात आमच्याकडे नाशकाला येतात. गेल्या मे महिन्यात मी त्यांना टीव्हीवर बम्बलबी लावून दिला. लढाई त्यांनी गप्प बसून बघितली. मग तो सीन आला, पोरगी घरच्या गॅरेजमध्ये बीटलखाली झोपून काम करतेय, आणि गाडी तिच्या अंगावरच उघडायला लागते. गॅरेज बघून आप्पा पुढं सरकले, चष्मा वर केला. उघडून झाल्यावर म्हणाले परत लाव. मी मागं घेतलं. परत बघितलं. परत लाव. लेक आतून तो ट्रक घेऊन आली, जुना, एका मुठीचा रंग वेगळा असलेला, आणि आजोबांच्या मांडीवर ठेवला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांनी मला हात करून मधेच थांबवायला सांगितलं, उठले, कमरेवर हात ठेवून टीव्हीजवळ गेले आणि थांबलेल्या चित्रावर बम्बलबीच्या खांद्यापाशी बोट टेकवलं.

"आठे पिन शे," म्हणाले.